चरोद्याला आलेलं पत्र

"अवं दुर्गे, तू अजून इथंच? मले वाटलं, तू कवाचीच गेली असशीन."

सुपेल्याच्या बाजारात कांद्याच्या ढिगासमोर उकिडव्या बसलेल्या सिंधुताईंनी मान वर करून हे इतक्या सहज विचारलं, की दुर्गाला आधी वाटलं, त्या नागपूरबद्दल बोलताहेत. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि दिवाळीत आत्याकडे नागपूरला जायचं घरात चाललं होतं. "कुठे जाणार होते मी?" तिनं विचारलं. "कुठं म्हनजे? त्या तुह्या कॅनडात. जुलैमंदी पत्र नव्हतं आलं का? आमच्या यायनंच तं वाचून आनलं होतं, त्या रशियन मॅडमकडून. दोन सालासाठी बलावते म्हने तुले." सिंधुताईंचा नवरा नरहरी पोलादाच्या कारखान्यात दुभाष्या होता, रशियन इंजिनियर बोलत ते तो हिंदीत सांगायचा. बोलता बोलता सिंधुताईंनी एक कांदा उचलून दाबून पाहिला, आणि दुर्गाच्या चेहऱ्याकडे लक्ष जाताच तो त्यांच्या हातात तसाच राहिला. "अंजनाबाईनं सांगतलं नाही तुले?" "सांगितलं ना आईनं," दुर्गा म्हणाली, "मीच नको म्हटलं." खोटं बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. ते आपसूक आलं, पायरीवरून पाय घसरल्यावर हात भिंतीकडे जातो तसं. "बरं केलं बाई," सिंधुताई म्हणाल्या आणि घाईनं कांदे तागडीत टाकू लागल्या.

रायपूरकडे जाणारी बस समोर उभी होती. दुर्गा तिच्यात चढली नाही. ती नुकतीच शिकवू लागली होती त्या शाळेतल्या मुलींच्या इंग्रजीच्या वह्यांची पिशवी खांद्याला लावून ती हमरस्त्याच्या कडेनं चरोद्यातल्या घराच्या दिशेनं चालू लागली. चरोदा काही जवळ नव्हतं, पण बसमध्ये बसून राहणं तिला त्या क्षणी शक्य नव्हतं. जुलै. जुलैमध्ये पत्र आलं होतं. हे शब्द तिच्या डोक्यात एकमेकांवर आदळत होते, रेल्वेच्या यार्डात डबे आदळतात तसे, एकाचा धक्का दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, पार शेवटच्या डब्यापर्यंत. जुलैमध्ये आपण काय करत होतो? आपण खिडकीत बसलो होतो. रोज साडेअकराला सुखराम पोस्टमन रेल्वे क्वार्टरांच्या रांगेतून सायकल ढकलत यायचा आणि आपण हातात पुस्तक धरून त्याच्या खाकी पाठीकडे बघायचो. एकदाही बाहेर जाऊन विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण वाट बघतोय हे सगळ्या रांगेला कळलं असतं. त्याहून वाईट म्हणजे ते आपल्यालाच कळलं असतं. ऑगस्ट गेला. मग सप्टेंबरात सरहद्दीवर लढाई लागली, खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटवले गेले, आणि तिला एक प्रकारे सुटल्यासारखं वाटलं. लढाईत परदेशी टपाल अडकतं, हे सगळे म्हणत होते. लढाई थांबली तरी पत्र आलं नाही, तेव्हा तिनं मनाशी निकाल लावून टाकला: कॅनडात वर्षभर शिकवणाऱ्या मादाम गान्यों आपल्याला विसरल्या. दरवर्षी त्यांच्या वर्गात तीस मुली येतात. त्यांनी निरोपाच्या वेळी हात हातात घेऊन सांगितलं होतं, मी लिहीन, तू कागद तयार ठेव. पण निरोपाच्या वेळी माणसं असं बोलतात. या निकालाशी जमवून घ्यायला तिला सबंध महिना लागला होता. आता तो महिनाही फुकट गेला होता. आपण एका चांगल्या बाईला उगीच मनातल्या मनात खोटं ठरवलं, हे तर तिला चालता चालता गालांवर तापल्यासारखं जाणवत होतं.

उजव्या हाताला, रुळांच्या पलीकडे कारखान्याची धुराडी होती. रस्त्याच्या कडेची धूळ तांबडी होती. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून येणाऱ्या लोहखनिजाची ही तांबडी पूड चरोद्यात वाळत घातलेल्या कपड्यांवर, भाताच्या पातेल्यावर, माणसांच्या पापण्यांवर बसायची. दुर्गा लहान असताना इथे यांतलं काहीही नव्हतं. रेल्वेतले वडील पंजाबराव गोंदियाहून बदलून आले तेव्हा धानाची शेतं होती आणि एक लहानसं स्टेशन होतं. मग ट्रकमधून, मालगाड्यांमधून, पायी, कुठकुठली माणसं येत गेली. तेलुगू, बंगाली, पंजाबी, मल्याळी, आणि उंच टोप्या घातलेले रशियन. नळावर पाणी भरताना पाच भाषांत भांडण व्हायचं आणि पाचही बायकांना ते पुरतं कळायचं. यात काही विशेष आहे असं दुर्गाला कधी वाटलं नव्हतं. विशेष असलंच, तर लाज वाटण्यासारखं. नागपूरच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात ती "मले पुस्तक पायजे" म्हणाली आणि मागच्या बाकावरून हसू आलं. तेव्हापासून तिनं "मला" म्हणायचं ठरवलं, आणि सुटीत घरी आल्यावरही ती "मला"च म्हणू लागली. आईनं त्यावर कधी काही म्हटलं नाही. फ्रेंच तिनं घेतलं ते या कारणानंच: फ्रेंचच्या वर्गात सगळ्याच मुली सारख्या अडखळत होत्या. तिथे ती सगळ्यांच्या पुढे गेली, आणि मग कॅनडाशी विद्यार्थिनींच्या अदलाबदलीची एक जागा निघाली. तिकडची एक मुलगी वर्षभर नागपूरला शिकायला येणार आणि इकडची एक तिकडे जाणार. तिकडून आलेली मुलगी दोन महिन्यांत उन्हाला कंटाळून परत गेली. दुर्गा मात्र गेली ती पुरतं वर्ष राहिली.

त्या विद्यापीठात सगळं दोनदा लिहिलेलं असे. दरवाजांवर, जिन्यांवर, पाण्याच्या नळावर, एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये. नाव नोंदवायच्या दिवशी दोन रांगा होत्या आणि ती फ्रेंचच्या रांगेत उभी राहिली, कारण ती आखूड होती आणि तिचे पाय गारठले होते. एवढ्या कारणावरून तिचं वर्ष ठरलं. सगळे विषय फ्रेंचमध्ये. पहिल्या तासाला प्राध्यापक बोलू लागले आणि तिला एक शब्द कळेना. नागपूरला ती शिकली होती ते पुस्तकातलं फ्रेंच होतं; हे लोक बोलत होते ते खेड्यांतलं, लाकूडगिरण्यांतलं, स्वयंपाकघरातलं. त्याहून वाईट पुढे होतं. ती फ्रेंचमध्ये काही विचारायला तोंड उघडायची, नीट जुळवून आणलेलं वाक्य, क्रियापद जागच्या जागी, आणि समोरची मुलगी गोड हसून इंग्रजीत उत्तर द्यायची. भोजनगृहात, ग्रंथालयात, वसतिगृहातल्या ख्रिस्ती जोगिणींकडे, रोज. तिला त्या गोड हसण्याचा राग यायचा. दोन दारं उघडी आहेत असं सांगणाऱ्या घरात ती दोन्ही दारांच्या मधल्या भिंतीशी उभी होती. इंग्रजी मुली तिला फ्रेंचवाली समजायच्या, फ्रेंच मुली इंग्रजीवाली. डिसेंबरात, बाहेर नदी गोठलेली असताना, ती खोलीत एकटी बसून मोठ्यानं पाढे म्हणायची. दीडकी, अडीचकी. फक्त तोंडाला सवय राहावी म्हणून.

मादाम गान्यों भाषाशास्त्र शिकवायच्या. साठीच्या, ठेंगण्या, सदा नाक पुसणाऱ्या. एकदा त्यांनी वर्गात प्रत्येकीला विचारलं, तुझी आई घरी काय बोलते, जे तुला शाळेत बोलू दिलं नाही? मुली हसल्या. दुर्गाची पाळी आली तेव्हा तिचे कान गरम झाले. "मले," ती म्हणाली. "मला म्हणायच्या जागी ती मले म्हणते. ते चूक आहे." मादामनी फळ्यावर ते रोमन अक्षरांत लिहिलं आणि खडूनं त्याच्याभोवती चौकोन काढला. "चूक कुणी सांगितलं? मलाही लहानपणी जोगिणींनी छड्या मारल्या होत्या, घरचं बोलते म्हणून." त्या दिवसापासून मादाम तिच्याशी कधीही इंग्रजीत बोलल्या नाहीत. ती अडकली तर त्या थांबायच्या, शब्द सापडेपर्यंत नाक पुसत थांबायच्या. वर्षअखेरीस दुर्गानं चाळीस पानं लिहिली: चरोद्याच्या नळावरचं बोलणं, यार्डातलं बोलणं, आणि एका बाईचं बोलणं, जिनं कधी शाळा पाहिली नाही. सगळं आठवणीतून. मादाम म्हणाल्या, हे आठवणीतून पुरायचं नाही. जा, ऐकून, लिहून आण. मी जागा मिळवते.

आणि जूनमध्ये परत आल्यावर तिनं तेच तर केलं होतं. आई बोलायला लागली की कागदाच्या चिठ्ठ्या काढायची आणि लिहून घ्यायची. पहिले पंधरा दिवस भरभरून मिळालं. मग आई हळूहळू बोलेनाशी झाली. "चहा ठेवू?" "हाव." "बाबा कधी येतील?" "येतीन." एकेक शब्द. दुर्गा चिडायची, मुद्दाम गोंदियाच्या गोष्टी काढायची, आईच्या माहेरच्या, पण अंजनाबाई सुपातले खडे वेचत राहायची. कारखान्यातल्या अनुवादाच्या कामाची मुलाखतही त्याच दिवसांतली. समोरच्या सज्जन गृहस्थांनी तिचे कागद पाहून खरोखर हळहळून विचारलं होतं, "फ्रेंच बहुत अच्छा है बेटी, लेकिन रशियन?" त्या दिवशी ती घरी नव्हती. साडेअकराला ती त्या गृहस्थांसमोर खुर्चीत बसली होती. चालता चालता हे लक्षात आलं आणि ती रस्त्यातच थांबली. सुखराम त्याच दिवशी आला असणार. मागून येणाऱ्या बसनं भोंगा वाजवला, तिनं हात केला, आणि उरलेली वाट ती दांड्याला धरून उभ्यानं गेली. सगळी वाट ती एकच वाक्य तयार करत होती. आईसमोर उभी राहून काय विचारायचं, ते.

घरात भाजलेल्या बेसनाचा वास भरला होता. अंजनाबाई शेगडीसमोर बसून कढईत उलथणं फिरवत होती. दिवाळीचे लाडू. पंजाबराव यार्डात शंटिंगच्या पाळीवर होते, यायला तास होता. दुर्गानं पिशवी खाली ठेवली. तयार केलेलं वाक्य नीट होतं, शुद्ध होतं, पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"पत्र कावून लपवलं?"

उलथणं थांबलं नाही. बेसन अर्धं भाजलं गेलं की हात थांबवता येत नाही, तळाला धरतं. "कोनं सांगतलं?" अंजनाबाईनं विचारलं.

"सिंधुताईंनी. भर बाजारात. कुठंय पत्र?"

"नाही आता."

"नाही म्हणजे?"

"अगस्ट सरला तवा जाळलं. ठेवून काय करू? सापडलं असतं तुले."

दुर्गा भिंतीला टेकली. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण शेजारच्या क्वार्टरशी भिंत सामायिक होती, आणि आपण हाही विचार करतो याचा तिला आणखी संताप आला. "तुला कळत होतं त्यात काय आहे? तरी जाळलंस?"

"कळत होतं म्हून तं. नरहरी भाऊजीच्या घरी गेली मी. त्यायनं त्या मॅडमले देलं, तिले फ्रेंच वाचता येते, ते मॅडम तिच्या बोलीत बोलली, भाऊजीनं मले सांगतलं. दोनदा सांगायला लावलं मी. मंग तिसऱ्यांदा मीच म्हटलं अन् त्यायले इचारलं, बराबर हाय का? बराबर हाय म्हने."

"काय बराबर हाय?"

अंजनाबाईनं पदरानं कपाळ पुसलं. मग कढईकडे बघत, उलथणं फिरवत, ती बोलू लागली. मोठ्यानं नाही, पोथी पाठ असलेली बाई स्वतःशी म्हणते तशी.

"लाडके दुर्गे. तू गेली त्याले दीड महिना झाला. नदीत आता नावा चालते, ऊन हाय. तुहं लिवलेलं मी चार मास्तरायले दाखोलं. एक जन म्हने, हे काही अभ्यासाचं नाही, हे घरचं बोलनं हाय. मी त्याले म्हटलं, घरचं बोलनं हाच अभ्यास हाय. बाकीचे तिघं माह्या बाजूनं झाले. तुह्यासाठी दोन सालाची जागा काढली हाय. यायजायचं भाडं इथून भेटीन. कागद एकतीस अगस्टच्या आत आला पायजे, त्याच्यावर माहा जोर नाही. गावचं बोलनं जेवढं होईन तेवढं लिवून आन. तुह्या वर्गातल्या पोरी तुले इचारते. मी तुही पोटातून वाट पाहून राहिली. अन् तुह्या मायले नमस्कार सांग. तिले सांग का तिचं बोलनं इथं फळ्यावर लिवलं हाय, ते कोनी पुसत नाही."

दुर्गा ऐकत होती, आणि तिच्या डोक्यात ते एकेक वाक्य आपोआप उलटं फिरत होतं. मराठीमागे नरहरीचं घोगरं हिंदी, त्यामागे कधी न पाहिलेल्या बाईचं रशियन, आणि सगळ्यांच्या मागे, दूर, मादामचा नाक चोंदलेला आवाज. "त्याच्यावर माहा जोर नाही": हे त्या कसं म्हणाल्या असतील ते तिला नेमकं ऐकू आलं. चार मास्तरांतला तो एक कोण, तेही कळलं. फक्त एक वाक्य उलटेना. पोटातून वाट पाहून राहिली. फ्रेंचमध्ये कुणी पोटातून वाट बघत नाही. ते मादामनी काय लिहिलं होतं, की रशियन बाईनं घातलं, की नरहरीनं, की या कढईसमोरच्या बाईनं? आता ते कधीच कळणार नव्हतं. कागद राख झाला होता. तिनं डोळे पुसले, आणि पुसल्याबद्दलही ती चिडली.

"नमस्कार सांगितला होता तुला त्यांनी," ती म्हणाली. "तुला! आणि तू..."

"हाव. मले लई लाज वाटली आइकून. त्या बाईले माहं काय मालूम? पन मी तुले एक इचारते, तू राग नको धरू." अंजनाबाई आता पहिल्यांदा तिच्याकडे वळली. "तू आली तवा मी केवढी बोलत होती. सालभराचं साठलं होतं माह्या पोटात. चिंधू काका मेला तो कसा मेला, तुह्या बाबाचा पाय डब्याखाली येता येता कसा वाचला, सारं. अन् तू? तू आइकत नव्हती. लिवत होती. मी म्हटलं, बाबाचा पाय वाचला, तं तू म्हने, 'येता येता' पुन्हा म्हन. पाय राहिला बाजूले! मंग मी बोलनंच सोडलं. अन् वरून ते पत्र आलं. गावचं बोलनं लिवून आन. म्हटलं, माहे शब्द पायजे यायले. माहे शब्द घेऊन पोरगी जाते, अन् मी इथं कोनासंग बोलू?"

दुर्गाला ती चिठ्ठी आठवली. "येता येता" असं शिसपेन्सिलीनं लिहिलेली, वर तारीख. वडिलांच्या पायाचं काय झालं ते तिनं खरंच ऐकलं नव्हतं. पंजाबराव घरात थोडे लंगडत चालतात हे तिनं पाहिलं होतं आणि वय झालं असं मनात म्हटलं होतं. पण म्हणून काय? म्हणून तिचं आयुष्य जाळायचं? आई चूक होती, सपशेल चूक होती, आणि तरी ती म्हणत होती त्यातलं एक अक्षर खोडता येत नव्हतं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्यात, याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट तिला ठाऊक नव्हती. नुसती दुष्ट आई असती तर किती सोपं होतं. करपल्याचा वास आला तेव्हा दोघींचं लक्ष गेलं. बेसन तळाला काळं झालं होतं. अंजनाबाईनं घाईनं कढई उतरवली आणि वरचं वरचं परातीत काढू लागली.

पंजाबराव आले, हातपाय धुतले, एक लाडू तोंडात टाकून म्हणाले, "जरा खरपूस झाले वाटते," आणि आणखी एक घेतला. त्यांना यांतलं काही ठाऊक नव्हतं. ते यार्डात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, माही पोरगी दोन भाषेच्या युनिवर्सिटीत शिकून आली. दुर्गानं त्यांच्या पायाकडे पाहिलं. घोट्याच्या वर एक लांब, गुळगुळीत वण होता. त्यांना ती काही म्हणाली नाही, आईही नाही. या एका बाबतीत त्या दोघींचं न बोलता जमलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर लोकलनं ती दुर्ग शहरात गेली आणि मोठ्या पोस्टातून मादामना पत्र टाकलं. पोस्टातल्या लाकडी फळीवर कोपर टेकवून तिनं ते तिथेच लिहिलं. लढाईमुळे टपाल अडकलं, आपलं पत्र मला आत्ता मिळालं, अजून काही होऊ शकेल का. वाचून पाहिलं तर एकही चूक नव्हती. वर्षभर धडपडून जे जमलं नव्हतं ते निर्दोष, वाहतं फ्रेंच तिच्या हातून उतरलं होतं, आणि त्यातली मुख्य गोष्ट खोटी होती. तिला खरं लिहिता आलं असतं. माझ्या आईनं ते जाळलं, असं चार शब्दांत. ते लिहायला तिचा हात वळला नाही. आईसाठी म्हणून नव्हे, असं ती परतीच्या गाडीत स्वतःला बजावत राहिली. मादामनी आईला नमस्कार सांगितला होता, म्हणून.

त्यानंतरचे दोन महिने घरात तुटक बोलणं चाललं. दिवाळी झाली, नागपूरला कुणी गेलं नाही. दुर्गा शाळेत "आय हॅव, यू हॅव, ही हॅज" घोकून घ्यायची, मुली त्याला चाल लावून म्हणायच्या, आणि मधल्या सुटीत छत्तीसगढी-तेलुगू-हिंदीची अशी काही खिचडी बोलायच्या की पूर्वीची दुर्गा असती तर तिनं चिठ्ठी काढली असती. तिनं चिठ्ठ्या काढणं बंद केलं होतं. तांबडी धूळ केसांत घेऊन ती घरी यायची, जेवायची, वह्या तपासायची. कधी आई वाढताना काही सांगू लागे, शेजारच्या नलूची सोयरीक मोडली, पाण्याचा नळ आता दोनच तास येतो; आणि दुर्गा मान खाली घालून जेवत राही. ती ऐकत होती, पण ऐकते आहे हे दाखवायची तिची तयारी नव्हती. एकदा मात्र, आई सांगत होती त्या नळाच्या भांडणात कोण काय म्हणालं यावर तिला एकदम हसू फुटलं, आणि ते हसू तिनं ताटात बघून गिळलं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी, शाळा अर्ध्या दिवसाची होती म्हणून ती घरी असताना पत्र आलं. सुखरामनं ते अंगणात अंजनाबाईच्या हाती दिलं. तिनं ते उलटंसुलटं करून तिकिटावरचं चित्र पाहिलं, आत आली आणि दोन्ही हातांनी दुर्गापुढे धरलं. पाकीट बंद होतं. दुर्गानं ते उन्हात, अंगणातल्या बाजेवर बसून फोडलं. आत दोन कागद होते. अंजनाबाई खालीच, पायरीवर बसली.

"काय लिवलं?"

"काही नाही," म्हणायचं दुर्गाच्या ओठांवर आलं होतं. या घरात आता हे वाचू शकणारी ती एकटी होती. ती काहीही सांगू शकत होती. मादाम म्हणतात, केव्हाही ये. मादाम म्हणतात, नको येऊस. जे सांगेल ते आईला खरं धरावं लागलं असतं. हे अंजनाबाईलाही ठाऊक असावं, कारण ती तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आणि दुर्गाला वाटलं, खोटं सांगायचा हा मक्ता आता आपल्याला नको. तिनं पत्र वर धरलं आणि एकेक वाक्य फ्रेंचमध्ये वाचत, मग आईच्या बोलीत सांगत गेली. सावकाश, काही न गाळता.

"लाडके दुर्गे. तुहं पत्र भेटलं. मले लई दुःख झालं. मी सप्टेंबरच्या पंधरापर्यंत त्यायले थांबोलं, त्याच्यापुढं नाही थांबोता आलं. जागा दुसऱ्या पोरीले देली. ते पोरगी चांगली हाय, पन तिच्या लिवन्यात जीव नाही. पुढच्या सालासाठी फारम पाठोते. भेटीनच असं म्हनत नाही. चार मास्तर तेच हायेत. फेब्रुवारीच्या आत पाठव. मायले नमस्कार."

यार्डात एक मालगाडी डबे जोडून घेत होती, धक्का रांगेच्या टोकापर्यंत गेला, मग शांत झालं. "म्हंजे माह्यानं गेली जागा," अंजनाबाई म्हणाली.

"हो," दुर्गा म्हणाली. तिला नाही म्हणायचं होतं. पण तेही खोटंच झालं असतं.

"अन् फारम हाय म्हनते?"

"आहे."

"मंग आइक." अंजनाबाईनं गुडघ्यावर हात दाबून धरले. "मी माफी-बिफी मांगत नाही. माफी मांगितली का मानूस म्हनते, पुन्हा करनार नाही. मले तसं म्हनता येत नाही. तुह्या मांगं पुन्हा तसं पत्र आलं, दोन साल, तीन साल, तं मी पुन्हा लपवीन. मले माहं मालूम हाय. सुखराम हातात देईन अन् माहा हात आपोआपच जाईन. म्हून सांगते. तू पत्ता बदल."

दुर्गाला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती आत जाऊन दौत आणि टाक घेऊन आली, बाजेवर पाटी ठेवली आणि फॉर्म तिच्यावर पसरला. प्रत्येक ओळ दोनदा छापलेली होती. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख तिनं भरत आणली. पत्रव्यवहाराचा पत्ता या ओळीपाशी ती क्षणभर थांबली आणि मग तीन ओळी भरून लिहून टाकला.

"कोनाचा टाकला?" अंजनाबाईनं विचारलं.

"सांगत नाही."

"हाव. सांगूच नको," अंजनाबाई म्हणाली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी शाई वाळेपर्यंत ती दुसरीकडे तोंड करून बसून राहिली.